अबोलीच्या गिटारचा नंबर

२३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
अबोलीचा पुण्याहून फोन. तिची इलेक्ट्रिक गिटार महिनाभर मुकी आहे, वायर जोडली की नुसती गुणगुणते. कंपनी बदलून देणार. तुर्भ्याच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची, सिरियल नंबर दाखवायचा, नवी घेऊन यायचं. वॉरंटी शनिवारी संध्याकाळी सहाला संपते. रविवारी वाशीला तिच्या बँडची स्पर्धा. परीक्षेमुळे ती शनिवारी रात्रीच कामोठ्याला पोचणार, म्हणून काम बापाकडे.
नंबर कुठे असतो ते सांगायला लागली होती, मी फोन ठेवला. एकतीस वर्षं सरकारी भांडारात डेड स्टॉक रजिस्टर सांभाळलं. खुर्ची, पंखा, कपाट, प्रत्येकावर नंबर माझ्या हातचा. मला नंबर शोधायला शिकवते!
संकल्प: दुपारी बाराच्या आत विषय संपवणे.

संध्याकाळी ६
बिलात नंबरचा रकाना कोरा. दुकानदार निष्काळजी. खोक्यावर असणार, पण खोका मीच रद्दीत दिला. घर म्हणजे गोदाम नव्हे.
गिटारवर शोधलं. पाठीवर मान जोडलीय तिथल्या स्टीलच्या पट्टीवर आपलं नाव मात्र झकास दिसतंय: श्यामसुंदर द. पाटणकर, कामोठे. गेल्या वर्षीच्या पाडव्याला गिटार आणली, त्याच दिवशी भैरूच्या भांड्यांच्या दुकानात मशीनने नाव घालून घेतलं. आमच्याकडे चमच्यावरसुद्धा नाव असतं. वस्तू हरवत नाही.
नंबर दिसला नाही. उजेड कमी होता.

२४ मार्च, मंगळवार
व्हिडिओ पाहिला. नंबर बहुतेक वेळा गिटारच्या माथ्याच्या मागे असतो, तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथे. भिंग घेतलं. काही नाही. खुंट्यांच्या आड असणार, म्हणून सहाही काढल्या. एक सोफ्याखाली गेली.
अबोलीला मेसेज: काम नव्वद टक्के झालं.

२५ मार्च, बुधवार
दुसरा व्हिडिओ. काही कंपन्या ब्रिजवर टाकतात, म्हणजे तारा खालून जिथे अडकवतात त्या धातूच्या तुकड्यावर. ब्रिज उघडला. आतून एक स्प्रिंग उडून देवघरात गेली. नंबर नाही.
सुमेधा म्हणाली, पोरीला फोन करून विचारा, दोन मिनिटांचं काम. हिचा स्वभाव पहिल्यापासून घाईचा.
रात्री दोनदा उठून ब्रिज पाहिला. चहा कमी करायला हवा.

२६ मार्च, गुरुवार. दुपारी
कुंदन आला. अबोलीच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो, दिवाळे गावचा. आईने सुकट दिली होती ती द्यायला आला आणि परातीत गिटारचे भाग बघून खालीच बसला. म्हणाला, ''काका, काई कंपन्या डोक्यामागं टाकतात, काई ब्रिजवर, ना काई मानेच्या पट्टीवर. हिचा पट्टीवरच हाय. नवी व्हती तवा मी सोता बगलाय.''
मी त्याला समजावलं, पट्टीवर माझं नाव आहे, आणखी काही असतं तर मला दिसलं नसतं का? त्याने गिटार पालथी करून पट्टी बराच वेळ बघितली, गिटार खाली ठेवली आणि चहा न घेता गेला. या मुलांना घाई फार.

२७ मार्च, शुक्रवार. सकाळी ११
मानेचे चार स्क्रू काढले. मान वेगळी झाली. पट्टी पालथी ठेवली, उगाच लक्ष जातं.
सापडला! मानेच्या खाचेत पेन्सिलीने लिहिलेला आकडा: ७. सर्व्हिस सेंटरला फोन केला. प्रियदर्शिनी नावाची मुलगी म्हणाली, नंबर नऊ अंकी असतो. सात हा त्यातलाच एक असणार, उरले आठच.

सायंकाळी ५
सहज भैरूच्या दुकानावरून गेलो. सहजच विचारलं. त्याला सगळं आठवत होतं. म्हणे, ''काका, तुमीच बोल्लात ना, हे गिचमिड आकडे घासून टाक, नाव मधोमध आलं पायजे.'' पाडव्याला दुकानात किती गर्दी असते. तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असेल.


२८ मार्च, शनिवार. सायंकाळी ६.२०, तुर्भे
पावणेपाचला पोचलो, सुटे भाग पिशवीत. प्रियदर्शिनीने पट्टी तिरपी करून उजेडात धरली. श्री. श्यामसुंदर हे आपलं ब्रँडनेम आहे का, असं तिने विचारलं. मग 'सुंदर'च्या खाली तिला तीन अंक पुसट दिसले. बाकी सहा घासून चकचकीत. नंबर घासलेला असला की वॉरंटी नाही, असा नियम आहे म्हणाली. मी एकतीस वर्षांची सेवा सांगितली, रजिस्टरची शिस्त सांगितली. मध्येच तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला शटर ओढलं.
रिक्षा मिळेपर्यंत अबोलीसाठी उत्तर तयार केलं: कोरण्याची पद्धतच चुकीची, कंपनीने छापील नंबर द्यावा.

रात्री ८.३०
अबोली आली. परात बघितली, पट्टी बघितली. ओरडली नाही. माझं उत्तर तसंच राहिलं. म्हणाली, नंबर गेला ते एक वेळ जाऊ दे. वर्षभर बँडमधली पोरं तिला श्यामसुंदर म्हणून हाक मारतायत. गिटार तिची, तिने ट्यूशन घेऊन अर्धे पैसे जमवले होते, आणि नाव कुणाचं घालायचं हे मी एकदाही विचारलं नाही.
खरंच विचारलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

२९ मार्च, रविवार
अबोली कुंदनच्या मित्राची गिटार उसनी घेऊन वाशीला गेली. सुमेधा सोबत गेली. मला कुणी चल म्हटलं नाही. माझे गुडघे दुखतात हे त्यांना माहीत आहे.
घर शांत. सोफा सरकवून खुंटी शोधली. संकल्प केला आणि पट्टी घेऊन भैरूकडे गेलो. म्हटलं, यावर अबोलीचं नाव घाल. त्याने पट्टी उलटसुलट केली. म्हणाला, ''जागाच नाय काका. तुमचं घासून टाकलं तर बसंल. टाकू?'' मशीन सुरूसुद्धा केली.
उद्या येतो म्हणून सांगितलं.
उद्या सोमवार. भैरूचं दुकान बंद असतं.