लूपमधली हाक

खेमराजदादा,

परवा जयंतीच्या कार्यक्रमात गायचं आहे, त्याची धास्तीच भरली आहे. तू आईले न सांगता लग्न करून गेला अन् आपली गायन पार्टी फुटली. आता ढोलकी, कोरस सारं मी एकटाच लूपच्या मशीनवर करतो. पायानं बटण दाबलं की वाजवलेलं तेच फिरून फिरून वाजत राहते. चूकही फिरत राहते.

आज मशीनमधे ढोलकी भरताना आईनं सवयीनं हाक मारली, "खेमराज, जेवाले ये!" तू गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं तुझं नाव घेतलं. माईकनं हाकही पकडली अन् ती ठेक्यासंगं फिरू लागली. आई दारात आली. मी घाबरून बटणावर पाय ठेवला.

"बंद काऊन करून राहिला? वाजू दे," ती म्हणाली. मग हळूच, "त्याले सांगू नोको."

म्हणून हे पत्र टाकत नाही. पण स्टेजवर हाच ठेका नव्यानं भरायचा आहे अन् आई पुढंच बसणार. तिनं हाक मारली तर काय करू? आणि नाही मारली तर?

तुझा लहाना,
विवेक