गळ्याची गाठ लपवून आणलेली गोळी

अहो,

तुमच्या त्या बड्या डॉक्टरने मला तपासलंच नाही. पाळी माझी बंद होतेय, अंगातून वाफा माझ्या निघतात, आणि तो प्रश्न विचारतो तुम्हाला! तुम्हीही खुशाल उत्तरं दिलीत. फक्त माझ्या गळ्याची गाठ आणि त्यासाठी रोज घेते ती थायरॉइडची गोळी, एवढंच गाळलंत. कारण तो आपल्या नलूला बघायला येणाऱ्या मुलाचा सख्खा काका. बंद गळ्याचं पोलकं घालायला लावलंत ते यासाठीच.

त्याने हॉर्मोनची गोळी दिली, वर रोज सोयाबीनच्या पिठाची खीर खायला सांगितली. गेल्या वर्षी सोयाबीनने माझे ओठ सुजले होते, श्वास कोंडला होता, हे तुम्ही पाहिलंय. तरी वन्संनी आज वाटी पुढे केलीच. म्हणाल्या, "डॉक्टरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का, वहिनी?" मी ती मोरीत ओतली.

त्याची गोळी मात्र काल एक घेतली. सकाळपासून छाती धडधडतेय. वयाने, गाठीने की गोळीने, सांगणारं कोणी नाही.

मी परळच्या डॉक्टरीणबाईंकडे जातेय. शहरातल्या गडबडीमुळे ट्राम बंद आहेत, नाक्यावर बंदुकवाले पोलीस आहेत, म्हणून आतल्या गल्ल्यांतून चालत. त्यांना सगळं सांगेन. पुढची गोळी घ्यायची की नाही, ते ऐकून मी ठरवीन. नलूला बाहेर सोडू नका.

रविवारी मुलाकडचे येतील, काकाही येईल. गाठीचं तुम्ही सांगता, की मी उघड्या गळ्याने समोर येऊन बसू? परतले की दारातच मला उत्तर द्या.