मास्तरांचा निशिगंध आणि माझे चोवीस कंद

६ एप्रिल
काल संध्याकाळी ही मागच्या दारात डोळे मिटून उभी. मला वाटलं चक्कर आली. तर म्हणे, "गप्प बसा हो, वास घेऊ द्या." कुंपणापलीकडे मास्तरांचा निशिगंध फुललाय. चित्रकला शिकवून रिटायर झालेला माणूस. जन्मात एक व्यवहार केला नाही. आणि ही म्हणते, "मास्तरांच्या हाताला गुण आहे." मी हातगाडीवर खिळे विकत होतो, आज दुकानाला दोन शटर आहेत. एकतीस वर्षांत माझ्या हाताबद्दल चकार शब्द नाही.
मला हेवा बिलकूल वाटत नाही. चोवीस कंदांची ऑर्डर दिली.

११ एप्रिल, स. ७
लावले. टोक वर, ओळी सुतात. मास्तर कुंपणावरून म्हणाले, "शेठ, आता पाणी बेताचं आणि हात लांब." हसून मान डोलावली. मला शिकवतोय!

१५ एप्रिल
हालचाल शून्य. दुकानाचा माझा नियम आहे, माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. चारच उकरून बघितले. ठणठणीत. परत पुरले.

१९ एप्रिल
आठ उकरले. एकाला पांढरी मुळं! पुरताना तुटली. येतील नवी.

२ मे
मास्तरांकडे आणखी तीन दांडे. मोजायला गेलो नव्हतो, दिसले.
माझे कान तिखट. ही मास्तरांच्या बायकोला सांगत होती, "आमच्याकडे रोज सकाळी हजेरी असते. कंद बिचारे अटेन्शनमध्ये झोपतात." दोघी खिदळल्या. तळपायाची आग मस्तकात. त्या भरात चोवीसच्या चोवीस उकरले. पाणीही डबल केलं.

२० मे
सात कुजले. रोपवाटिकेवाल्याला फोनवर झाडला. तो म्हणतो, "साहेब, कंद आहेत ते, कुलूप नव्हे, रोज हिसडा देऊन बघायला." उद्धट माणूस. धंदा फार दिवस टिकायचा नाही.

१ जून
उरलेले सतरा उपटले. बागकाम हा रिकामटेकड्यांचा उद्योग. ही म्हणाली, "फेकू नका, मास्तरांना देते." दे बापडे. मोडका माल त्यांना लखलाभ.

२४ ऑगस्ट, संध्याकाळ
मास्तर स्वतः घरी. हातात पाच दांडे, घरभर घमघमाट. "शेठ, तुमच्याच कंदांची पहिली फुलं."
खत कुठलं, विचारलं. औषध? म्हणाले, "छे हो. लावले आणि विसरलो."
हिने माझ्याकडे बघितलं. मग दांड्यांवर वाकून डोळे मिटले.
तसं बघितलं तर फुलं माझीच. मास्तर नुसते जागावाले.
जागा पुरली नाही म्हणून सहा कंद त्यांनी परत आणून दिले. ते जाताच लावले. यंदा उकरणं बंद. मीसुद्धा विसरणार, आणि मास्तरांपेक्षा कडक विसरणार.
सकाळी सहाचा गजर लावलाय. विसरलो की नाही ते बघायला.