लोरेना स्ट्राउडच्या घरामागचे मैदान

मी, लोरेना मे स्ट्राउड, वय वर्षे एकोणतीस, अविवाहित, व्यवसाय ग्रंथालयातील नोकरी, राहणार हार्लन क्रीक, राज्य ओहायो, हा मृत्युपत्राचा लेख माझ्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. येत्या मंगळवारी क्लीव्हलँडच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी पुष्कळ धीर दिला. परंतु तो देताना ते माझ्याकडे न पाहता खिडकीकडे पाहत होते, म्हणून हा लेख. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मत्सर आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तो दडपणात मोडत नाही, असे आमच्या वकील मिसेस टॅलमॅज यांनी मी विचारल्यावर सांगितले.

कलम पहिले : व्याख्या

या लेखात ‘मैदान’ म्हणजे घरामागची ती जागा, जिथे माझे वडील एमोस स्ट्राउड यांनी गवताचे शेत मोडून गावासाठी बेसबॉलचे मैदान केले. ‘बेसबॉल’ म्हणजे बेसबॉल. ‘फुटबॉल’ म्हणजे लांबुळका चेंडू काखेत मारून, डोक्यावर हेल्मेट चढवून, समोरच्याला आडवा करत पळण्याचा खेळ, ज्यासाठी शरद ऋतूतील दर शुक्रवारी आमच्या गावातील दुकाने लवकर बंद होतात. ‘पाय’ म्हणजे फळांचे सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ. ‘डेला’ म्हणजे माझी धाकटी बहीण. ‘ग्लेन’ म्हणजे ग्लेन केसलर, पूर्वी गावाच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, सध्या शाळेच्या फुटबॉल संघाचा दुय्यम प्रशिक्षक, ज्याचा विवाह पुढील महिन्यात डेलाशी ठरला आहे.

कलम दुसरे : पुस्तके

माझी सर्व पुस्तके गावच्या ग्रंथालयास द्यावीत. शाळेत पहिली आल्याबद्दल मिळालेली पुस्तके त्यांतच आहेत. त्यांच्या पहिल्या पानावर माझे नाव आहे, ते खोडू नये. बँकेतील शिल्लकही ग्रंथालयासच जावी.

कलम तिसरे : वडिलांची अवजारे

चुन्याच्या रेषा ओढण्याचे गाडे, दंताळे, पिचरचा उंचवटा ठोकण्याची धुमस आणि पावसात झाकण घालण्याचे मेणकापड, हे सर्व ओटिस ब्रँडल यांस द्यावे. त्यांनी आमच्या मैदानावर आयुष्यभर पंचगिरी केली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि सामना संपल्यावर त्याच लोकांबरोबर आमच्या पायरीवर बसून लेमोनेड घेतले.

कलम चौथे : घर

वडिलांची इच्छा होती, म्हणून घर डेलाला द्यावे. माझी तशी इच्छा नव्हती, एवढे नोंदवून ठेवते.

कलम पाचवे : पायची थाळी

माझी चेरी पाय भाजण्याची ॲल्युमिनियमची थाळी, रिकामी, फुटबॉल हितचिंतक मंडळाचे अध्यक्ष लाइल डन्फी यांस द्यावी. बेसबॉलच्या मैदानावर दिवे लावण्यासाठी गावाने सलग दोन उन्हाळे पाय विकून पैसे उभे केले. त्यांत माझ्या हातच्या पाय सर्वांत आधी संपत. दिवे आले आणि ते फुटबॉलच्या मैदानावर लागले. मी मिस्टर डन्फींना ग्रंथालयात याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अगं, बेसबॉल काय, दिवसाउजेडी खेळता येतो.” त्यांनी त्या दिवशी परत करायला आणलेल्या पुस्तकाचा दंड मी माफ केला नाही.

कलम सहावे : मैदान, आणि त्याची कारणे

पुरात शाळेचे सरावाचे मैदान वाहून गेल्यापासून आमचे मैदान फुटबॉलच्या सरावासाठी मिळावे अशी शाळेची, मिस्टर डन्फींची, ग्लेनची आणि डेलाची इच्छा आहे. यास्तव मी असे लिहून ठेवते की, मैदान जिल्ह्याच्या उद्यान खात्यास द्यावे. तेथे फुटबॉल कधीही खेळला जाऊ नये. आणि डेलास त्यावर कोणताही हक्क नसावा. कारणे न दिल्यास न्यायालय ही लहर समजेल, म्हणून दोन्ही खेळांची तुलना पुढे करत आहे. ती निःपक्षपाती ठेवण्याचा मी प्रयत्न केला आहे.

आधी खेळण्याविषयी. बेसबॉल सुरू करायला दोन माणसे, दोन ग्लव्ह आणि थोडा संध्याकाळचा उजेड पुरतो. एकाने फेकायचे, दुसऱ्याने झेलून परत फेकायचे. लहानपणीच्या तापाने हृदय अधू झालेल्या मुलीलासुद्धा जागेवर उभे राहून हे करता येते. डॉक्टरांनी मला तेवढीच परवानगी दिली होती आणि वडिलांनी तेवढ्यातच मला सगळे शिकवले. फुटबॉलला बावीस जण लागतात, खांद्यांवर ढाली लागतात आणि दुसऱ्याच्या अंगावर जाण्याची हौस लागते. माझ्यासारखीला त्या खेळात पाण्याची बादली धरण्यापलीकडे जागा नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फुटबॉलमध्ये प्रत्येक चालीत प्रत्येकाला काहीतरी करावे लागते, आणि आमच्या बेसबॉल संघात उजव्या टोकाला उभा राहणारा माणूस मी अख्खी दुपार ढग पाहताना पाहिला आहे. डेला म्हणते, “तुमच्या खेळात निम्मे लोक बसची वाट बघत असल्यासारखे उभे असतात.” हे खरे आहे.

आता पाहण्याविषयी. बेसबॉलला घड्याळ नाही. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात शेंगदाणे सोलता येतात, पुढे कोण बॅट घेऊन येणार हे शेजारच्याला सांगता येते, किंवा काहीही न सांगता शेजारी बसून राहता येते. ज्याला बोलणे जमत नाही त्याला हा खेळ उपाशी ठेवत नाही. फुटबॉलमध्ये जे व्हायचे ते काही क्षणांत होते आणि पुढचा सगळा वेळ त्याबद्दल ओरडण्यात जातो. तिथे गाव पांघरुणे घेऊन येते, शाळेचा बँड वाजतो, आणि चेंडू पलीकडच्या टोकाला नेऊन टचडाउन झाले की माणसे भेटेल त्याच्या गळ्यात पडतात. डेलाच्या आग्रहावरून मी एकदा गेले होते. आमच्या संघाने टचडाउन केले तेव्हा डेलाने ग्लेनला मिठी मारली, ग्लेनने मिस्टर डन्फींना, मिस्टर डन्फींनी पाद्रीबाबांना. टाळ्या वाजवायला हात मोकळे हवेत म्हणून तिघांचेही कोकोचे कप माझ्याकडे दिलेले होते. हातात गरम कोको होता म्हणूनच मला कोणी मिठी मारली नाही, असे मी पुढे बरेच दिवस स्वतःला समजावत होते.

आणखी एक फरक आहे. बेसबॉल उन्हाळाभर जवळजवळ रोज असतो; फुटबॉल आठवड्यातून एकदा येतो आणि सणासारखा मिरवतो. जो रोज दिसतो त्याच्यासाठी कोणी नवा कोट घालून येत नाही. बेसबॉलच्या संसारात फुटबॉल सवत होऊन आली, आणि आल्या दिवसापासून घर तिचेच झाले.

न्यायालयाला एवढे पुरेसे वाटेल. परंतु खरे कारण लपवून केलेला लेख खोटा ठरतो, म्हणून ते लिहिते.

वडील गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात ग्लेन रोज संध्याकाळी मैदानावर येऊ लागला. मी घरून ग्लव्ह घेऊन जाई. तो एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, आणि चेंडू दिसेनासा होईपर्यंत आम्ही फेकत आणि झेलत असू. बोलणे जवळजवळ नसे. चार उन्हाळे असे गेले. आमच्या घरात हे साधे नव्हते. माझ्या वडिलांनी माझ्या आईला याच जागी, असेच चेंडू फेकता फेकता मागणी घातली होती. एका संध्याकाळी त्यांनी चेंडू परत फेकलाच नाही, तो हातात घेऊन चालत आले आणि विचारले. ही गोष्ट आम्ही दोघी बहिणी जेवताना इतक्यांदा ऐकत मोठ्या झालो की, लग्न असेच ठरते अशी माझी समजूत होती. म्हणून मी वाट पाहत होते. दरम्यान, शरद ऋतूत डेला त्याला फुटबॉलला नेऊ लागली. मला काळजी वाटली नाही, कारण उन्हाळ्यात तो परत मैदानावर येतच होता.

या जूनमध्ये एका संध्याकाळी ग्लेनने चेंडू फेकला नाही. तो हातात घेऊन माझ्याकडे चालत आला. माझ्या हृदयाची झडप त्याच वेळी बदलावी लागली असती तर बरे झाले असते.

तो म्हणाला, “डेलाला विचारलं मी. हो म्हणाली.” मग त्याने चेंडू माझ्या ग्लव्हमध्ये ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाला, “तुझ्याइतकं सरळ परत फेकणारं कुणी नाही, लोरेना. माझा खांदा चार वर्षं मोकळा राहिला तो तुझ्यामुळं.”

तो व्यायाम करत होता. त्याने मला फसवले नाही, हे मी शपथेवर सांगते. आभार मानून तो डेलाकडे जेवायला गेला. मैदान उद्यान खात्यास देण्याचे कारण हे आहे.

कलम सातवे : कलम सहावे रद्द करण्याबाबत

वरील मजकूर सकाळी लिहून झाला. दुपारी डेला मॅकरोनी आणि चीजचे भांडे घेऊन आली. मी बशा काढत असताना तिने टेबलावरचे कागद न विचारता वाचायला घेतले. माझी पत्रेही ती लहानपणापासून अशीच वाचत आली आहे. पायच्या थाळीशी ती खूप हसली. सहावे कलम तिने उभ्यानेच वाचले, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचले. मला वाटले, आता भांडण होईल, आणि भांडणात माझा आवाज बसतो म्हणून मी नळ सोडून ठेवला.

तिने उठून नळ बंद केला. म्हणाली, “लोरी, मी त्याला फुटबॉलला का नेलं, सांगू? मी इथं राहत होते तेव्हा तुमचं ते चेंडू फेकणं मला या खिडकीतून दिसायचं. तासभर एक शब्द नाही, आणि तरी दोघंही खुशीत. माझ्यासोबत तो पाच मिनिटं गप्प बसला तर मला वाटतं, चिडलाय. गप्प बसण्यात मी तुला काय हरवणार होते? म्हणून सगळे ओरडतात तिथं घेऊन गेले.”

मी विचारले की तुला हे इतके दिवस सलत होते का. ती म्हणाली, अजूनही सलते. परवासुद्धा ती ग्लेनला म्हणाली होती की आपणही चेंडू फेकू या, तर तिचा दुसराच चेंडू कुंपणापार गेला आणि ग्लेन हसला.

हे ऐकून मला जे सुख झाले, ते गेल्या वर्षभरात डॉक्टरांच्या एकाही गोळीने झाले नव्हते. डेला, जिच्याकडे सगळे गाव वळून पाहते, ती माझा हेवा करते. मला तिला चांगल्यातली बशी द्यावीशी वाटली, आणि मी दिली.

तिथपर्यंत सर्व ठीक होते. मग जेवता जेवता तिने साक्षीदार कोण, असे विचारले. मी सांगितले की दोन लागतात, आणि आमच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ज्याला लेखात काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा वाटा जातो.

डेलाने तोंड पुसले आणि माझे पेन उचलले. “मग मीच करते सही. मला घर नको. मैदानही तू म्हणतेस तसंच जाऊ दे. तू तेवढी बुधवारी शुद्धीवर ये.”

मी पेन तिच्या हातातून काढून घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ती पाण्यातही सुंदर दिसते.

तिने तेवढी एक सही केली असती, तर लोकांनी काय म्हटले असते ते मला ठाऊक आहे. लोरेनाने बहिणीला मैदान नाकारले, आणि डेलाने बहिणीसाठी घर सोडले. मी गेल्यावर माझ्याच अंत्यविधीत लोक कॉफी पिताना डेलाच्या मोठ्या मनाबद्दल बोलले असते. ग्लेन तिच्याकडे पाहत राहिला असता. गाव तिला मिळाले, शुक्रवार तिला मिळाले, ग्लेन तिला मिळाला. औदार्यसुद्धा तिलाच मिळावे, हे मला सहन होणार नाही.

यास्तव कलम सहावे मी रद्द करते. ते खोडत मात्र नाही. ते वाचले जावे अशी माझी इच्छा आहे. मैदान संपूर्णपणे डेलाला द्यावे. तिने तेथे फुटबॉल खेळू द्यावा, कोबी लावावा किंवा गाड्या उभ्या कराव्यात. कोणतीही अट नाही. मी अट घातली असती तर डेलाने ती मरेपर्यंत पाळली असती आणि त्याचेही श्रेय मिळवले असते.

हे वाचून डेला म्हणाली की तुझ्याइतकी खडूस बाई मी पाहिलेली नाही. त्यानंतर तिने उरलेली मॅकरोनी मला वाढली. मी शस्त्रक्रियेतून वाचले तर हा लेख निरुपयोगी होईल आणि मैदानाचा वाद नव्याने सुरू होईल. तशी वेळ आल्यास मी भांडणार आहे, हे सर्व संबंधितांनी लक्षात घ्यावे.

कलम आठवे : साक्षीदारांविषयी

पहिल्या साक्षीदार मिसेस टॅलमॅज आहेत; त्या माझ्या शेजारीच बसल्या आहेत. दुसरा साक्षीदार शोधणे कठीण गेले, कारण आज शुक्रवार आहे आणि जे माझ्या ओळखीचे आहेत त्यांना मी या लेखात काही ना काही देऊन बसले आहे. ग्लेन डेलाला न्यायला आला, तेव्हा सामन्याला थोडा अवकाश होता. त्याला या लेखात काहीही दिलेले नाही. तो पात्र आहे.

त्याने प्रशिक्षकाचे जाकीट काढून खुर्चीवर टाकले आणि आधी वाचू का, असे विचारले. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची आवश्यकता नसते, फक्त मला सही करताना पाहायचे असते, हे मी त्याला सांगितले. तो टेबलाच्या पलीकडे उभा राहून पाहत आहे. डेला बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवत आहे. मी सावकाश सही करणार आहे.

स्थळ : हार्लन क्रीक, ओहायो
दिनांक : शुक्रवार, २३ सप्टेंबर १९८३

लेख लिहून ठेवणार :
लोरेना मे स्ट्राउड

आम्हा दोघांदेखत वरील सही झाली :
१. इर्मा टॅलमॅज, वकील
२. ग्लेन आर. केसलर