गुलाबाच्या फांदीला लोकर

आत्याबाई, तुमचं घोंगडं मी कापलं. हे आधीच सांगून टाकते. कपाळाला आठ्या घालायच्या तर घाला. सासूला पत्र लिहिणारी सून अख्ख्या सणसरात दुसरी नसेल, आणि तेही सासू जाऊन दहा वर्षं झाल्यावर.

तुमची मेंढरं बसायची त्या तुकड्यात आता गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. औंदा त्यावर लाल कोळी पडला. डोळ्यांना धड दिसत नाही एवढा किडा, पानामागं बसून रस शोषतो. फवारून फवारून माझ्या हातांची सालं निघाली, कोळी मात्र टुणटुणीत! शेवटी शेतीच्या केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, या कोळ्याला खाणारा दुसरा मित्रकोळी मिळतो, तो सोडा. बाटलीतून आणून सोडला, तर आठवड्यात पसार. मॅडम भिंग घेऊन आल्या. "गुलाबाचं पान गुळगुळीत, त्याला अंडी घालायला आडोसाच नाही. फांदीला केसाळ काहीतरी बांधा, तो त्यात घर करील." कापूस बांधला, तर वरून धुक्यासारखं पाणी उडवणाऱ्या फॉगरनं त्याचा लगदा झाला. मग मला लोकर आठवली. घोंगड्यावरून पाणी कसं ओघळून जातं, ते तुमच्याच घरात पाहिलेलं.

कळंबच्या रस्त्याला एक कळप उतरला होता. मेंढक्यानं पोतंभर लोकर फुकटच दिली, आता ती घेतंय कोण? दोन दिवस बसून फांदोफांदी पुंजके बांधले आणि नवी बाटली सोडली. तिसऱ्या दिवशी भिंगातून बघते तर पुंजक्यातले मित्रकोळी सगळे मेलेले. तेव्हा तुमचा आवाज कानात आला. मी नवी नवरी, अंगणात लोकर पिंजायला घेते, आणि तुम्ही चरखा सोडून धावत येता, हातातली लोकर हिसकावून घेता. "अगं ए शाणे, गोचिडाच्या औषदाची लोकर हाय ती! हुंगून बगायचं न्हाय व्हय? आदी मेंढरं धुवायची, मग कातरायची, मग औषद. तुज्या म्हायेरात मेंढरं व्हती का मांजरं?" सगळ्या बायका खदखदून हसतात. मी रडले, आणि तुमच्या लोकरीवरच राग धरला. हुंगायचं तेवढं नेमकं विसरले. मेंढक्याला जाऊन विचारलं, तर म्हणाला, "व्हय की मावशी, कातरायच्या आदीच औषदात बुचकाळली हुती."

बिनऔषधाची लोकर माझ्या ओळखीत एकच उरली होती. थोरला झाला तेव्हा तुम्ही दिलेलं घोंगडं, तुमच्या हातच्या सुताचं. टोचतं म्हणून मी ते लेकराला कधी पांघरलं नाही, पेटीत टाकून दिलं. त्यात साधी डांबरगोळीही ठेवली नव्हती, तेच आता कामी आलं. कात्री घेतली तशी तुमचे चिरंजीव म्हणाले, "आयचं एवढंच ऱ्हायलंय गं. नगं कापू." खरं होतं. पण डोळ्यांदेखत बाग वाळत होती. कापलं, उसवलं, पिंजलं, बांधलं.

पंधरा दिवसांनी पुंजक्यांत अंडी दिसली. आता नव्या फुटव्याला डाग नाही. चिरंजीव रोज भिंग घेऊन बसतात आणि कामाच्या बायकांना कौतुकानं दाखवतात, "बगा, आमच्या आयच्या पदराखाली कशी सुखात हायती." मला तिथं उभं राहवत नाही.

तुमच्या शेवटच्या थंडीत तुम्ही मला विचारलं होतं, "थोरल्याला दिल्यालं माजं घोंगडं कुटं हाय गं? लई गार लागतंय." मी म्हणाले, सापडत नाही, उंदरांनी कुरतडलं असंल. बाजारातलं ब्लँकेट तुमच्या अंगावर टाकलं. तुम्ही कूस बदललीत. हे चिरंजिवांना ठाऊक नाही, म्हणून हा कागद त्यांच्या हाती लागायच्या आत चुलीत घालीन. घोंगडं पेटीतच होतं, आत्याबाई. पेटीवर खताची दोन पोती होती, ती उतरवायचा मला कंटाळा आला.