भिंतीवरच्या रेघा

बाई, काल दुपारी जरा डोळा लागला आणि कुठूनतरी मागाचा आवाज आला. खटक-खटक. आता आमच्या गल्लीत हातमाग कुठला! पण मी पुन्हा सोलापुरातल्या त्या विणकराच्या घरात होते, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली शिकाऊ नर्स, आणि माझ्यापुढे मला नर्सिंग शिकवणाऱ्या तुम्ही, पिशवी काखेत. मुदतीच्या तापानं फणफणलेली चार वर्षांची पोर मागाशेजारी पडली आहे. आजाऱ्याला शांतता लागते एवढं मला पाठ, म्हणून मी मोठ्या शहाणपणानं तिच्या बापाला माग थांबवायला लावला. तर पोर दचकून रडायलाच लागली, पाणी पिईना. तुम्ही माझ्यावर डाफरलात, "अगं, जन्मल्यापासनं ह्याच आवाजात निजती ती. हितं दवाखाना न्हाय, त्यांचं घर हाय. चालू दे की माग." धोटा पुन्हा फिरू लागला आणि पोरीच्या पापण्या जड झाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्हाला दुसऱ्या घरी जायचं होतं. निघताना तुम्ही चुलीतला विझलेला कोळसा माझ्या हातात दिलात. थोड्या थोड्या वेळानं उकळून गार केलेलं पाणी दोन चमचे, आणि दर वेळी भिंतीवर एक रेघ. आपण गेल्यावर पुढे हे आईलाच करायचं होतं; तिला लिहिता येत नव्हतं, रेघ मारता येत होती. "पाणी चुकलं तर पोर हातची जाईल. आन् आईला निजव जरा, दोन दिस जागी हाय ती." मी आईला आडवं केलं. कवाडातून आलेल्या उन्हात सुताचं तूस तरंगतंय, माग चालतोय, पोरीचा श्वास त्याच्याबरोबर वरखाली होतोय.

उन्हं कलताना तुम्ही परत येता. पोरीची जीभ पाहता, ओली आहे. मग रेघा मोजता. "एकबी चुकली न्हाय. नर्स होशील तू, पोरी." आई दाराशी उभी आहे, बोटं पदरात लपवून.

पोर वाचली. तुम्ही तुमचा पितळी चमचा मला दिलात, आणि तोच दाखवून मी आयुष्यभर नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. तुमचं ते कौतुकही सांगितलं, खरं काय ते गिळलं. आता तुम्ही नाही, हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? डब्यात चमच्याखालीच ठेवते. बाई, मागाच्या त्या आवाजानं पोरीबरोबर मीही झोपले होते. पहिल्या तीन रेघा तेवढ्या माझ्या. बाकी सगळ्या तिच्या आईच्या.