दोन प्रिंटर आणि माझा फोटो

सोमवार, १० नोव्हेंबर

आले! एक नव्हे, दोन आले. माणगावचा अल्पेश, संगणकाच्या दुकानाचा गुजराती मालक, टेम्पोतून दोन रंगीत प्रिंटर घेऊन आला. बाबांच्या दाखले-प्रती काढून देण्याच्या कार्यालयात, म्हणजे आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत, टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"जुओ दत्ताकाका, आठ दिवस वापरा. जो आवडेल तो ठेवा, दुसरा मी घेऊन जाईन. ट्रायलचं काय पण द्यायचं नाय!" मग माझ्याकडे मान वळवून — "बेन चालवणार? बेनला जमेल ना?"

पदवी परीक्षेत महाविद्यालयात पहिली आलेली बेन काहीही बोलली नाही. नेहमीप्रमाणे. योग्य ते उत्तर मला सुचले तेव्हा त्याचा टेम्पो तळ्याच्या नाक्यापलीकडे गेला होता.

बाबा म्हणाले, "कल्पिता, शनिवारपर्यंत दोन्ही यंत्रं तपास. एका पानाचा अभिप्राय लिहून दे. तू लिहिशील ते घेऊ."

हे मात्र मला आवडले. बाबा तोंडी बोलण्यावर सहसा विश्वास ठेवत नाहीत, लिहिलेल्यावर ठेवतात. आणि मला लिहिताच येते, बोलता येत नाही.

पहिले यंत्र मोठे. शाई बाटलीतून टाकीत ओतायची. चालू केले की चाळीस सेकंद घसा खाकरते. दुसरे लहान, चकचकीत, शाईच्या बंद डब्यांचे. त्याच्या झाकणावर माझेच तोंड दिसते. दोन्ही मला आवडली नाहीत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दिवसभर चाचण्या. बाबांचे घड्याळ समोर ठेवून वेळ मोजला. रंगीत पान: पहिले एकोणीस सेकंद, दुसरे बत्तीस. जोडअक्षरे दोन्हींची स्वच्छ. रेघांची तपासणी — चार शायांच्या बारीक रेघा यंत्र स्वतःच छापून दाखवते — पहिल्याची अखंड. दुसऱ्याची निळी रेघ निम्म्याहून अधिक ठिकाणी तुटलेली! म्हणजे निळी शाई कागदावर पुरती उतरतच नाही. नवे म्हणून दिलेले यंत्र! अल्पेशला फोन केला. "बेन, एवढं बारीक कोण बघतं? वापरल्यावर सुटेल." मी "बरं" म्हटले. मी अशी "बरं" किती म्हटली आहेत, त्याची यादी केली तर वही पुरणार नाही.

शेवटी पाण्याची चाचणी. आमच्याकडे पावसाचे चार महिने माणसे कागद भिजवूनच आणतात, म्हणून ती आवश्यक. छापलेल्या फोटोवर एक थेंब टाकायचा आणि बोट फिरवायचे. पहिल्याची शाई थोडी पसरली. दुसऱ्याचा तर चेहराच निघून बोटावर आला.

आई पाण्याचा तांब्या परत न्यायला आली होती. वाकून पाहिले. "पाण्यानं जाते होय गं शाई?"

"पहिल्याची कमी. दुसऱ्याची पार धुऊन निघते."

"असं," एवढेच म्हणून ती भाकऱ्यांकडे गेली. आईची जिज्ञासा एवढ्यावरच संपते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पहिले यंत्र रेशनकार्डांच्या प्रतींत गुंतले होते, म्हणून वावेच्या तुळशीरामांचा दाखला दुसऱ्यावर काढून दिला. तासाभरात परत! दाखल्यावरचा निळा शिक्का गुलाबी आला होता.

"ताय, सायेब हसला ना गो माज्यावर. बोलतो, कागद दाखल्याचा हाय का लग्नाचा?"

मी दिलगिरी व्यक्त केली. 'दिलगिरी' हाच शब्द वापरला, त्यावर ते अधिकच घाबरले. पहिल्यावर पुन्हा काढून दिला. शिक्का निळा, जसा होता तसा. अभिप्रायात नोंद करणे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दुपारी जेवून येऊन बसले, तोच पहिले यंत्र आपोआप खाकरले. मी काही पाठवले नव्हते. कागद हळूहळू बाहेर येऊ लागला. आधी गणपती. मग वेलबुट्टी. मग 'वधू-परिचय'. मग माझे नाव!

रास, नक्षत्र, नाडी, मामांचे कूळ, उंची. शिक्षण — बी.ए. एवढेच! पहिला क्रमांक कोठेही नाही. 'वर्ण: गोरा'. आणि त्या शब्दाच्या उजवीकडे माझा फोटो, सावळा. अगदी माझ्याइतका सावळा. पहिले यंत्र मला त्या क्षणी प्रथमच आवडले.

अमिषावहिनी माडीवरून धावत आली. (प्रज्योतदादाची बायको. पनवेलच्या इंग्रजी शाळेतली. यंत्राला मोबाईल तिनेच जोडला होता.)

"अरे यार, तू बघितलंस पण! सरप्राईज होतं ना." मग कागद उचलून, "शी! किती डार्क आलीय. हा प्रिंटर एकदम बकवास आहे."

तिने तेच पान दुसऱ्या यंत्राकडे पाठवले. बत्तीस सेकंद. मी मोजले. त्यातून एक गुलाबी-गोरी मुलगी बाहेर आली. तिचे कपाळ माझे होते, चष्मा माझा होता. निळी शाई कमी पडली की सावळेपणा जातो, शिक्का काय आणि मी काय! इतके साधे आहे ते.

आणि नेमकी त्याच वेळी माणगावची कमळआत्या दारात. बाबांची थोरली बहीण. चप्पल काढण्याआधी तिने दोन्ही कागद हातात घेतले.

गोरीवर बोट ठेवून, "ही बघ. ही खरी आपली कल्पी. अन् ही दुसरी कोण गो? कुणाच्या घरातली आणलीत?"

वहिनी हसून हसून खुर्चीवर बसली. मी रेशनकार्डांचे गठ्ठे सरळ केले. ते आधीच सरळ होते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

स्थळ माणगावजवळचे. मुलाचे नाव हर्षद, महाडच्या कारखान्यात नोकरी. आत्या रविवारी सकाळच्या एसटीने कागद घेऊन जाणार.

वहिनीने विचारले, "आत्या, व्हॉट्सॲप करून टाकू ना सरळ. झंझट नको."

"तुमचं पनवेल ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. त्यांच्यात कागद देवीपुढं ठेवतात, तांदळाचा कौल घेतात. कौल मिळाला तर मुलगी बघायची. मोबाईल ठेवू काय देवीपुढं? वाजला तर?" आणि आईकडे वळून, "केसर, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू तुझ्या हातचं हवं. मुलीच्या आईचाच हात लागतो त्याला."

आईने मान हलवली. आई नेहमी मान हलवते.

लग्नाला माझा नकार नाही. कोणी विचारले असते तर मी तसे सांगितलेही असते. परंतु मे महिन्यातला तो प्रसंग मी विसरलेले नाही. पालीची मंडळी आली होती. वहिनीने मोबाईलमधून उजळ केलेला फोटो पाहून आली होती. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिले, मग मोबाईलकडे पाहिले, मग पुन्हा माझ्याकडे. चमच्यांचे आवाज तेवढे येत राहिले. पोहे संपवून ती माणसे म्हणाली, "एसटीची वेळ झाली." एसटीला पाऊण तास होता! मी खिडकीतून पाहत होते. नाक्यावर ती माणसे पाऊण तास उन्हात उभी राहिली, पण आमच्या घरात बसली नाहीत.

त्या दिवशी बाबा प्रथमच ओरडले होते. "यापुढे मोबाईलमधली लबाडी नको. आहे तोच फोटो जाईल!"

म्हणून मला आशा होती. आज संध्याकाळी तुटलेल्या निळ्या रेघांचा कागद घेऊन मी बाबांपुढे उभी राहिले. चार वाक्ये पाठ केली होती. पहिलेच म्हणताना आत्या मध्ये पडली.

"दत्तू, फोटो कुणी बदलला का? न्हाय. मोबाईलमधी काय केलं का? न्हाय. मशीनमधनं आपोआप तशी आली. मग लबाडी कसली?"

बाबांनी दोन्ही कागद आलटूनपालटून पाहिले. "फोटो तोच आहे ना, कल्पिता?"

"हो, पण —"

"मग यंत्राने दिला तो दिला."

सत्यनिष्ठ बाबा! यंत्राला लबाडी करता येत नाही, अशी त्यांची श्रद्धा. तुळशीरामांचा गुलाबी शिक्का त्यांनीच कपाळाला हात लावून पाहिला होता. शिक्क्यात जी चूक, ती माझ्या तोंडावर आली की देणगी! उरलेली तीन वाक्ये माझ्यापाशीच राहिली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अभिप्राय लिहिला. तीन वेळा शुद्ध केला. शेवटचा परिच्छेद येथे उतरवून ठेवते:

"दुसरे यंत्र निळी शाई पूर्णपणे उमटवत नाही. त्यामुळे त्यावर छापलेली कोणतीही वस्तू मूळ वस्तूशी जुळत नाही — शिक्का, नकाशा अथवा मनुष्य. असे यंत्र कार्यालयाच्या उपयोगाचे नाही. पहिले यंत्र आवाज करते, जागा अडवते, परंतु समोर जे आहे तेच देते. तेच घ्यावे."

बाबांनी वाचला. 'मनुष्य' या शब्दापाशी थांबलेले मी पाहिले. चष्मा काढला. आत्या समोरच सुपात वाल निवडत बसली होती. "बरोबर आहे तुझं," बाबा म्हणाले, "पहिलंच घेऊ. पण उद्याचं तेवढं होऊन जाऊ दे."

म्हणजे कार्यालयासाठी खरे यंत्र आणि माझ्यासाठी खोटे!

आणि छपाईही मीच करायची. "तुलाच येतं ना नीट," वहिनी म्हणाली. तिने मजकूर कार्यालयाच्या संगणकावर पाठवला. अकरा प्रती — एक हर्षदकडे, बाकीच्या आत्याच्या ओळखीच्या दहा घरांत. मी अकरा वेळा ती गोरी मुलगी बाहेर येताना पाहिली. अकरावी निघाली आणि दुसऱ्या यंत्राचा लाल दिवा लागला. शाई संपली. अल्पेश फोनवर म्हणाला, "नवी डबी मंगळवारी, बेन. आवडलं ना पण मशीन?"

"नाही," मी म्हटले. आवाज इतका लहान निघाला की त्याने "सारू, सारू" म्हणून फोन ठेवला.

वहिनीवर माझा राग आहे, पण ती निदान हसते तरी उघडपणे. आत्यावर आहे, पण तिचे तर आयुष्यच स्थळे जुळवण्यात गेले. खरा राग आईवर आहे. आईचा रंग माझाच आहे. तिच्याकडून मला एक वाक्य हवे होते. वाक्यही नको, एक शब्द चालला असता. त्या अकरा प्रती हातात घेऊन तिने काय म्हणावे? "छान आल्यात." आणि मला विचारले, "ह्या दुसऱ्या यंत्रावरच्याच ना?"

मी यंत्र बंद करून उठले. जेवताना तिने न विचारता भात वाढला. तो मी पानात टाकला.

रविवार, १६ नोव्हेंबर

साडेनऊची एसटी. सव्वानऊला आत्या चप्पल घालून अंगणात उभी. आई देवघरापुढे प्रतींना हळदकुंकू लावत होती. कालवलेले कुंकू पातळ, हात मनगटापर्यंत ओले. आत्या पाकीट घ्यायला आत आली आणि किंचाळली. अकराही प्रतींवर गोऱ्या मुलीचे तोंड वाहून गेले होते!

"अगो केसर, कोपऱ्यांना लावायचं, तोंडाला न्हवं!"

"हात ओला होता, वन्सं," आई म्हणाली.

दुसऱ्या यंत्रात शाईचा थेंब नाही. बाबांनी घड्याळ पाहिले, मग माझ्याकडे. "पहिल्यावर काढ. एकच काढ, जायची ती."

मी मजकूर उघडला. 'गोरा' पुसून 'सावळा' लिहिले. कोणालाही विचारले नाही. एकोणीस सेकंद.

कागद आईपुढे ठेवला. या वेळी तिने आधी दोन्ही हात पदराला पुसले, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे केले, आणि मग चिमटीने कोरडे कुंकू चार कोपऱ्यांना लावले.